नरडाण्याचा सातवा आकडा

रात्री दहानंतर वाजलेला फोन उचलायचा नाही. का, ते विचारायचं नाही.

जळगावच्या पिंप्राळ्यात सुकदेव आबांच्या घरी हा नियम होता. धुळ्याला मामाकडे राहून शिकलेली त्यांची मुलगी कांता बी.एस्सी. होऊन घरी परतली, तेव्हा तिला तो पहिल्याच रात्री सांगण्यात आला. तिनं अर्थातच विचारलं, "का?" आई बेबाबाई म्हणाली, "रात्री वाजतो तो माणसाचा नसतो." आबा ताटातली भाकरी मोडत राहिले.

ही गोष्ट हिलाल नाना सांगायचे. उन्हाळ्यात दिवे गेले, की गल्लीतली पोरं त्यांच्या ओट्यावर जमायची आणि नाना आवाज खाली आणून सुरू करायचे, "आपल्या ओळखीच्या एका घरात घडलेलं आहे बरं का. खोटं असेल तर जीभ झडो." नाना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, आता रिटायर झालेले. ओळखीचं घर म्हणजे शेजारचंच, आणि त्या रात्री आपण स्वतः तिथं होतो, हे मात्र ते कधी सांगत नसत. त्यामुळे त्यांनी सांगितलेली गोष्ट नेहमी थोडी अर्धवट राहायची. पूर्ण गोष्ट अशी.

आबांचं नरडाण्याला सरकीचं गोदाम होतं. कापसातून रुई काढली की जे बी उरतं ते सरकी. तिची रास दिसायला गरीब, पण आत जराशी ओल राहिली तर ती पोटातून तापते. वरून हात लावला तर कोमट, आणि आत हातभर खाली निखारा. म्हणून गोदामाचा राखणदार उखर्डू रोज संध्याकाळी लोखंडी सळई राशीत खुपसायचा, विडी ओढून होईपर्यंत थांबायचा, मग सळई उपसून तळहातात धरायचा. चटका बसला तर रास उलथायची. चटका नाही बसला, तर त्याच राशीला बाज टेकवून झोपायचं.

कांताला हे बघून संताप आला. "आबा, १९९७ साल आहे. एका माणसाचा तळहात हे काय थर्मामीटर आहे?"

तिनं पुण्याहून एक डबा मागवला. डब्याला सहा वायरी, सहा वायरींच्या टोकाला उष्णता मोजणारे सहा मणी. ते तिनं स्वतः राशीत पुरले. रात्री बरोबर अकराला डबा गोदामाच्या फोनवरून पिंप्राळ्याचा नंबर लावायचा, आणि घरचा कॉम्प्युटर मोडेममधून तो फोन घेऊन सहा आकडे पडद्यावर दाखवायचा. नव्वद-एक किलोमीटरवरची रास घरबसल्या कळायची.

फक्त एकच अडचण होती. अकरा म्हणजे दहानंतर.

त्यावर ओट्यावर रीतसर बैठक बसली. आबा, बेबाबाई, हिलाल नाना.

"दिवसा लाव म्हणावं डब्याला," आबा म्हणाले.

"दिवसा लाइन मिळत नाही, आबा. आणि रास रात्री कळायला हवी. उखर्डू रात्री तिथं झोपतो."

मग नानांनी तोड काढली. "नियम काय आहे? माणसानं उचलायचा नाही. यंत्रानं उचलला तर? यंत्राले काय, जीव थोडाच शे!"

आबांनी मान डोलावली. कांताला हसू आवरेना. तिच्या डोक्यात आलं, या लोकांची भुतंसुद्धा किती सोयीची असतात.

तर शनिवार, १७ मे १९९७. जळगावचा उन्हाळा ऐन भरात. दुपारी त्रेचाळीस, आणि संध्याकाळीही भिंतीला पाठ टेकवत नव्हती. तीन दिवसांपासून कॉम्प्युटर मधेच बंद पडत होता. कांतानं पत्र्याचं झाकण काढून पाहिलं, तर प्रोसेसरवरचा छोटा पंखा गच्च बसलेला. पात्यांत कापसाचा तूस अडकला होता, आबांच्या सदऱ्यावरून आलेला. तिनं ब्रशनं तो काढला, शिलाई मशीनचं तेल सोडलं, पंखा दोन तास फिरला आणि पुन्हा बसला. म्हणून संध्याकाळी ती लुना घेऊन बाजारात गेली.

दुकानदार अभयकुमार पंखा कागदात बांधता बांधता म्हणाला, "ताई, माणसांना वारा मिळेना आणि तुम्ही मशीनला पंखा घेता."

"माणसं बंद पडली तर पाणी मारून उठवता येतात, अभयभाई."

"मग कूलर लावा ना त्याच्यासमोर."

"ओलसर वारा आत गेला तर सगळंच जाईल. माहिती नसेल तर विकू नका हो काही."

तो मोठ्यानं हसला. तिलाही हसू आलं. नऊच्या आत तिनं नवा पंखा बसवला. झाकण उघडंच ठेवलं, बाजूला टेबलफॅन लावला, खिडकीला ओलं पोतं टांगलं, पण यंत्रापासून लांब. मंडळी गच्चीवर झोपायला गेली. हिलाल नानांची गच्ची आबांच्या गच्चीला लागून, मधे फक्त कमरेएवढा कठडा. त्यांच्या गप्पा वरून ऐकू येत होत्या.

अकराला फोन वाजला. दोन घंट्या. मोडेमनं घेतला, शीळ घातली, खरखरला, आणि पडद्यावर सहा आकडे उमटले. चौतीस, पस्तीस, चौतीस, छत्तीस, पस्तीस, चौतीस. रास थंड होती. कांतानं वहीत लिहून घेतलं आणि यंत्र रात्रभर टिकतं का ते बघायला तिथंच सतरंजी टाकून आडवी झाली.

बारा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

दोन घंट्या. मोडेमनं घेतला. या वेळी शीळ नाही, खरखर नाही. कांता उठून बसली. पडद्यावर एकच ओळ होती.

सात. एक्केचाळीस.

ती नुसती बघत राहिली. डब्याला सातवी वायर नव्हती. सातव्या वायरीसाठी भोकही नव्हतं. डबा दिवसातून एकदाच फोन लावायचा, दुसऱ्यांदा लावणं त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

मग तिनं कॉम्प्युटरच्या पत्र्यावर हात ठेवला, आणि तिला उत्तर सापडल्यासारखं वाटलं. पत्रा तापला होता. यंत्र तापलं की असंच बरळतं. आकडा नरडाण्याचा नाही, या खोलीतल्या गरमीचा आहे. ती पुटपुटली, "थांब, तुला थंड करते."

बारा सत्तावीस. दोन घंट्या.

सात. अठ्ठेचाळीस.

तिनं नवा पंखा तपासला. फिरत होता. टेबलफॅन जवळ ओढला. कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या जाळीवर बोट धरलं. वारा येत होता, व्यवस्थित येत होता. पण पत्रा मघापेक्षा गरम.

बारा चौतीस.

सात. सत्तावन्न.

आता खोलीत वास येत होता. वायर जळाल्याचा नाही. तो तिला ओळखता आला असता. हा वास गोडसर, तेलकट होता... भाजलेल्या सरकीचा. ती खिडकीशी गेली. बाहेर रस्ता मोकळा. कुत्रंही नाही. वास बाहेर नव्हता.

तिनं मोडेमची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. फुंकर मारली. उगाच मारली, हे तिलाही कळत होतं. दर सात मिनिटांनी. यंत्र बिघडलं तर कसंही बिघडतं, घड्याळ लावून बिघडत नाही. हा विचार मनात आला आणि तिनं तो झटकला. तिनं शिकलेल्या कुठल्याच पुस्तकात त्याला जागा नव्हती.

बारा एक्केचाळीस.

सात. एकोणसत्तर.

पत्र्याला हात लावला आणि तिनं तो झटकन मागे घेतला. बोटांवर चटका. पंखे फिरतच होते. दोन्ही. वारा गारच होता.

मग पडदा काळा झाला. यंत्राची घरघर थांबली. पंखे थांबले. दिव्याचा बल्ब तेवढा जळत राहिला.



तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पंचेचाळीस. सेहेचाळीस. सत्तेचाळीस... सहा वायरी तिनं राशीच्या फोनकडच्या बाजूला पुरल्या होत्या. पलीकडे, दाराच्या कोपऱ्यात, वायरी पोचल्या नव्हत्या. तिथं एकही मणी नव्हता. उखर्डूची बाज मात्र तिथंच असायची.

अठ्ठेचाळीस.

फोन वाजला.

दोन घंट्या. तीन. चार. आता उचलणारं यंत्र नव्हतं.

ती फोनकडे धावली, तोवर जिन्यावरून पावलं वाजली. आबा. मागं बेबाबाई, तिच्या मागं कठडा ओलांडून आलेले हिलाल नाना. आबांनी येता येता रिसीव्हरवर पंजा दाबला.

"हात लावू नको, कांते."

"आबा, सोडा. नरडाण्याचा आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"वाजू दे. थांबतो."

सात घंट्या. आठ. बेबाबाई खालच्या पायरीवर बसली आणि तिनं पदर कानांवर धरला. "थांबतो गं," ती म्हणाली. "मागच्या खेपेलाही थांबला होता."

"मागच्या खेपेला म्हणजे कधी?"

फोन वाजत राहिला. शेवटी हिलाल नाना भिंतीकडे बघत बोलू लागले.

"पाच वर्षं झाली. तेव्हा तिथं उखर्डू नव्हता. कौतिक होता राखणदार. रात्री त्यानं अर्जंट ट्रंक कॉल बुक केला. मी ड्युटीवर होतो. मीच जोडत होतो... चार वेळा जोडला. घंटी इथं वाजायची, ती मला तिथं ऐकू यायची. तो मधे मधे म्हणायचा, नाना, पुन्हा लावा. घरात माणसं आहेत. झोपली असतील. पुन्हा लावा."

"आणि?"

"आणि पाचव्यांदा त्यानं सांगितलं नाही."

कांतानं आबांकडे पाहिलं. "तुम्ही झोपला होता?"

आबांचा पंजा रिसीव्हरवर तसाच. खालून फोन थरथरत होता, त्याबरोबर त्यांची बोटंही.

"तो रोज लावायचा," आबा म्हणाले. "पंधरा दिवस, रोज रात्री. आबा, सळई गरम लागते, माणसं पाठवा. जाऊन बघावं तर काही नाही. मी घरात सांगितलं, दहानंतर फोन उचलायचा नाही. सकाळी बघू."

"म्हणजे नियम आधीचा आहे," कांता म्हणाली. "भुताच्या आधीचा."

बेबाबाई कानांवरचा पदर काढत म्हणाली, "आम्ही जागे होतो गं. दोघंही."

फोन वाजत होता. किती घंट्या झाल्या, कोणी मोजत नव्हतं.

"आबा, उखर्डू आत झोपलाय."

"काही नसेल पोरी. तुझ्या मशीननं आकडे दाखवले ना, अकराला? थंड आहे ना रास?"

हे ऐकून तिला जे वाटलं, ते नाना कधीच सांगू शकले नाहीत. अर्धा तास तीही हेच म्हणत होती. काही नसेल. मशीन तापलंय. तिनं आबांची बोटं एकेक करून सोडवली. आबांनी जोर केला नाही.

तिनं रिसीव्हर कानाला लावला.

आधी काहीच नाही. मग दूरवर तडतड, जशी तव्यावर दाणे फुटताना होते. मग श्वास. कोंडलेला, ओढून घेतलेला श्वास...

"आबा..." पुरुषाचा आवाज. कोरडा. "सरकी तापनी..."

"आबा नाहीत. मी कांता बोलतेय. कोण?"

श्वास थांबला. तडतडही थांबली. इतका वेळ थांबली, की लाइन गेली असं तिला वाटलं.

"...कोनी शे का?"

"आहे," ती म्हणाली. "मी आहे. ऐकतेय मी. कुठं तापलीय?"

"दार..."

आणि लाइन गेली.

तिनं लगेच गोदामाचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा. एंगेज. नरडाणा स्टेशनासमोर झुलालची चहाची टपरी होती, तिथं पीसीओ होता आणि रात्रीच्या गाड्यांसाठी ती उघडी असायची. नंबर वहीत होता. झुलालनं पहिल्याच घंटीला उचलला.

"झुलालभाऊ, सुकदेव आबांच्या घरून बोलतेय. माणसं घ्या आणि गोदामाचं दार ठोका. उखर्डूला बाहेर काढा. दाराच्या बाजूची रास आतून पेटलीय."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आधी जा. मग विचारा."

मग चौघं बसून राहिली. फोनभोवती. कोणी पाणी प्यायलं नाही, कोणी वर गेलं नाही. दीड वाजला. दोन. बेबाबाईचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला आणि आबा बसल्या जागी दचकले. कांतानं उचलला. झुलाल होता. उखर्डू बाहेर आला होता. खोकत होता, पण जिवंत होता.

सकाळी नऊला ते जीपनं नरडाण्याला पोचले. हिलाल नाना न बोलावता बरोबर आले. स्टेशनवरच्या हमालांनी फावड्यांनी रास बाहेर ओढली होती. वरची सरकी करडी, नेहमीसारखी. आतली काळी कोळसा. दाराच्या कोपऱ्यात ती घसरून थेट पत्र्याच्या दाराला टेकली होती. तिथला पत्रा निळसर पडला होता. कांताचा डबा वितळून गोळा झाला होता. त्याला आता काही विचारता येणार नव्हतं.

उखर्डू निंबाखाली बसून चहा पीत होता. तळहात शाबूत होते.

"झुलालभाऊंनी बाहेरून दार ठोकलं," तो सांगत होता. "उठलो तर धूर. डोळ्यांपुढं काही दिसेना. चाचपडत कडीला हात घातला. बरं झालं ताई, तुम्ही कडीला फडकं बांधायला सांगितलं यांना. नाहीतर एवढी तापलेली कडी मी काय उघडली असती?"

"मी?" झुलाल म्हणाला. "अरे बाबा, कडी आतून आहे. मी बाहेर होतो."

उखर्डूनं चहा खाली ठेवला. "मग कोणी बांधलं? आत मी एकटाच होतो. आणि मी तर झोपलो होतो."

कांता दारापाशी गेली. आतल्या बाजूला, लोखंडी कडीला फडकं गुंडाळलेलं होतं. धोतराचा फाटका तुकडा, घट्ट तीन वेढे, आणि वर गाठ. तिनं बोट लावलं. कडी अजून गरम होती. फडकं मात्र ओलं होतं. नुसतं दमट नाही, आत्ता हौदातून काढल्यासारखं ओलं. मे महिना. सकाळचे नऊ. आणि गोदामात पाण्याचा थेंब नव्हता. उखर्डूचा माठ कधीच तडकून फुटला होता.

हिलाल नाना तिच्या मागं येऊन उभे राहिले. फडक्याकडे बघून त्यांनी चष्मा काढला. "कौतिक इथंच सापडला होता," ते म्हणाले. "दारापाशी. कडीला धरून. त्याला उघडता आली नव्हती."

आबा दूर उभे होते. ते जवळ आले नाहीत. तिथूनच त्यांनी घसा साफ केला आणि कारभाराच्या आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. माणूस वाचला. पण आता पुरे. आजपासून रात्री दहाला फोनची वायरच काढून ठेवायची. वाजलाच नाही, तर कोणाला त्रास नाही."

नानांनी मान खाली घातली. बेबाबाईनं जीपमधूनच होकार दिल्यासारखा हात केला.

"नाही," कांता म्हणाली.

आबांनी वर पाहिलं.

"वायर काढायची नाही. रात्री दहाला वाजो, नाहीतर तीनला. पहिल्या घंटीला मी उचलणार. मी घरात नसले तर आई उचलेल. आणि आई नसेल, आबा, तर तुम्ही उचलायचा. कोण आहे, काय हवंय, ते विचारायचं. मेलेला असला तरी विचारायचं."

बेबाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. नानांनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसत राहिले, पुसत राहिले. झुलालनंही किटली हातातल्या हातात धरून ठेवली.

इतकं शांत झालं, की कडीवरच्या फडक्यातून थेंब गळत होता, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येऊ लागला.